रात्री पावणेअकराचा फोन

मित्रांनो, रेडिओवर चार सेकंद कुणीच बोललं नाही, तर ती शांतता केवढी मोठी वाटते, ठाऊक आहे? वर्गात उत्तर आलं नाही, तर फारसं बिघडत नाही. शेजारचा काहीतरी कुजबुजतो, मागचा हसतो, सर पुढच्याला उभं करतात. पण रेडिओवर बोलणारा थांबला, की मागे काहीच उरत नाही. नुसती खरखर! आणि ती खरखर आपल्या गल्लीतले सगळे ऐकत असले तर? मग विचारूच नका.

माझ्या भाच्यावर हा प्रसंग आला. तो अकोल्याला जठारपेठेत राहतो आणि नववीत शिकतो. रात्री उशिरा रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेण्याचा कार्यक्रम लागतो ना, तसा एक कार्यक्रम तो नेमानं ऐकतो. त्या रात्रीचा विषय होता, ‘रेडिओचा जनक कोण?’ पठ्ठ्यानं सकाळपासूनच वर्गात दवंडी पिटली होती, “आज रात्री मी बोलणार!”

फोन काही लागेना. एंगेज, एंगेज, पुन्हा एंगेज. शेवटी पावणेअकराला लागला. निवेदिका म्हणाली, “आधी घरातला रेडिओ बंद कर बरं.” (हे का सांगतात, माहीत आहे? आपला आवाज फोनमधून स्टुडिओत जातो, तिथून रेडिओत येतो आणि रेडिओतून पुन्हा आपल्याच फोनमध्ये शिरतो. असा तो गोल गोल फिरू लागला, की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते.)

रेडिओ बंद करून भाचा ठणकावून म्हणाला, “रेडिओ आपल्या जगदीशचंद्र बोसांनी शोधला. मार्कोनी चोर होता. त्यानं बोसांची वही चोरली आणि नोबेल मिळवलं!”

“अरे बापरे! वही चोरली? हे तू कशावरून म्हणतोस?” निवेदिकेनं अगदी गोड आवाजात विचारलं.

एक... दोन... तीन... चार.

“असं... सारेच म्हणतात,” भाचा पुटपुटला. मग गाणं लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याचा मला अमरावतीला फोन आला. “मामा, माहा त पचकाच झाला! सारे पोट्टे मले ‘कशावरून’ म्हणून हाका मारून राहिले. आता काय करू?”

मी म्हटलं, “रविवारी ये. आपण ‘कशावरून’चं उत्तर शोधू.”

वहीचे तीन रकाने

रविवारी सकाळी स्वारी मूर्तिजापूरमार्गे बडनेऱ्याला उतरली आणि नऊ वाजता आमच्या घरी हजर! मी एक कोरी वही काढली. पानावर तीन रकाने आखले आणि वर लिहिलं: ‘नक्की’, ‘वाद आहे’ आणि ‘ऐकीव’. नियम एकच. जी गोष्ट पुराव्यानं सांगता येईल ती पहिल्या रकान्यात. जिच्याबद्दल जाणकारांचंच एकमत नाही ती दुसऱ्यात. आणि ‘सारेच म्हणतात’ अशी ती तिसऱ्यात.

पहिला रकाना झपाझप भरत गेला. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं १८६५ साली गणितानं दाखवून दिलं, की विजेच्या आणि चुंबकाच्या लहरी प्रकाशाच्या वेगानं धावू शकतात. पण ते सगळं कागदावर. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झनं १८८७-८८ मध्ये अशा लहरी खरोखरच निर्माण केल्या. बिचारा १ जानेवारी १८९४ रोजी वारला, तेव्हा वय अवघं ३६! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉजनं त्या लहरींचे प्रयोग लोकांना करून दाखवले.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस कामाला लागले. हे बोस कसे होते, ऐका. कॉलेजात लागले तेव्हा हिंदी प्राध्यापकांना इंग्रजांपेक्षा कमी पगार मिळत असे. बोसांनी भांडण केलं नाही. शिकवत राहिले, पण तीन वर्षं पगाराला हातच लावला नाही! शेवटी सरकारला पूर्ण पगार द्यावा लागला, तोही मागच्या थकबाकीसकट. प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. उपकरणं त्यांनी साध्या टिनकाम करणाऱ्या कारागिराकडून बनवून घेतली.

१८९५ साली त्यांनी कोलकात्यात जाहीर प्रयोग केला. इकडे लहरी सोडल्या. त्या भिंतींमधून आरपार गेल्या आणि सुमारे ७५ फुटांवर घंटा वाजली, बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. मध्ये तार नाही, दोरी नाही, काही नाही! जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं, तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ ऐकायला बसले होते.

पण मला सगळ्यांत आवडली ती रेल्वेच्या वेळापत्रकाची गोष्ट. प्रकाशाच्या लहरी विशिष्ट काचेतून गेल्या, की एकाच दिशेत डोलणाऱ्या लहरी पार होतात. बोसांना तसंच या अदृश्य लहरींचं करायचं होतं. त्यांनी काय घेतलं? ब्रॅडशॉचं जाडजूड रेल्वे वेळापत्रक! त्याच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे सरकवले, की झाली चाळणी तयार. दुसऱ्या एका प्रयोगात तागाचे पीळ दिलेले तंतू वापरले. आता सांगा, प्रयोगाला साहित्य नाही म्हणून आपण रडायचं का?

तुरीचा दाणा आणि मोठी विहीर

“पण मामा, मंग बोसांनी त्याच लहरीवर गाणे काहून नाही लावले?” भाच्यानं विचारलं.

प्रश्न फक्कड होता. त्यासाठी थोडं गणित करावं लागलं.

बोसांच्या लहरी अगदी आखूड, काही तर फक्त ५ मिलिमीटर लांबीच्या. म्हणजे तुरीच्या दाण्याएवढ्या! एवढ्या आखूड लहरी प्रकाशासारख्या वागतात. सरळ जातात आणि लांब पोचत नाहीत. बोसांना नेमकं तेच हवं होतं, कारण या लहरी आणि प्रकाश ही एकाच घरची भावंडं आहेत हे त्यांना सिद्ध करायचं होतं. गावोगावी संदेश पाठवणं हे त्यांचं ध्येयच नव्हतं. शिवाय त्या काळी ठिणगी पाडून लहरी काढत. त्यातून फक्त ‘कट्ट’ आणि ‘कड्ड’ एवढंच पाठवता येई. माणसाचा आवाज पाठवण्याची युक्ती नंतर निघाली.

संदेश पाठवण्याचा ध्यास घेतला तो इटलीच्या गुग्लिएल्मो मार्कोनीनं. हा १८७४ चा जन्म, बोसांपेक्षा १५-१६ वर्षांनी लहान. त्यानं लांब लहरी घेतल्या, उंच तार आकाशात चढवली, दुसरं टोक जमिनीत पुरलं आणि १८९५ साली वडिलांच्या शेतातून टेकडीपलीकडे संदेश पोचवला. १८९६ साली त्यानं इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९०९ साली त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण एकट्याला नव्हे. जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनबरोबर वाटून.

हे सगळं ‘नक्की’च्या रकान्यात गेलं. भाच्याचा चेहरा उतरला. “म्हणजे मार्कोनी चोर नाही?”

दुसरा रकाना

थांबा, घाई नको. आता खरी गंमत आहे.

१२ डिसेंबर १९०१. इंग्लंडच्या पोल्ढू गावातून मार्कोनीच्या यंत्रानं इंग्रजी ‘एस’ हे अक्षर सोडलं, म्हणजे तारेच्या भाषेत तीन टिंबं. अटलांटिक महासागरापलीकडे, जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटरवर, न्यूफाउंडलंड बेटावर मार्कोनी कानाला यंत्र लावून बसला होता. त्याला ती टिंबं ऐकू आली, असं त्यानं जाहीर केलं. साऱ्या जगात एकच खळबळ उडाली!

ती टिंबं टिपणारं साधन पाऱ्याचं होतं. इटलीच्या आरमारातून ते त्याच्याकडे आलं होतं. आणि लोखंड व पारा वापरून केलेल्या अशाच साधनाची माहिती बोसांनी १८९९ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली होती! मार्कोनीनं बोसांचं नाव काही घेतलं नाही. १९९८ साली प्रबीर बंद्योपाध्याय या संशोधकानं अमेरिकेतल्या विद्युत-अभियंत्यांच्या नामवंत नियतकालिकात सविस्तर लेख लिहून दाखवलं, की त्या साधनाचं मूळ बोसांकडे जातं. पण ते इटलीत नेमकं कसं पोचलं, कुणी वाचून केलं की स्वतंत्रपणे सुचलं, यावर वाद आहे.

म्हणून ‘पाऱ्याचं साधन आधी बोसांचं’ हे गेलं पहिल्या रकान्यात. ‘ते बोसांकडून मार्कोनीकडे कसं पोचलं’ हे दुसऱ्यात. आणि ‘मार्कोनीनं वही चोरली’? त्याला पुरावा नाही. ते तिसऱ्या रकान्यात.

तिसऱ्या रकान्यात आणखी एक पाहुणा आला. भाच्याच्या मित्रानं त्याला सांगितलं होतं, “अमेरिकेच्या कोर्टानं निकाल देला, का रेडिओ निकोला टेस्लानं शोधला!” टेस्ला मोठाच माणूस. त्याचे बिनतारी वीज पाठवण्याचे पेटंट-अर्ज १८९७ चे आहेत. जून १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, हेही खरं. तेव्हा टेस्लाला जाऊन पाच महिने झाले होते. पण खटला ‘जनक कोण’ असा नव्हताच. मार्कोनीच्या कंपनीनं अमेरिकन सरकारकडे पैसे मागितले होते. रेडिओ हव्या त्या स्टेशनवर जुळवण्याच्या पेटंटातले मार्कोनीचे महत्त्वाचे दावे न्यायालयानं रद्द केले. का? तर लॉज, टेस्ला आणि स्टोन या तिघांचं काम त्याआधीचं होतं. एक नव्हे, तीन नावं!

हे सगळं आजी पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, “आमच्या गावच्या विहिरीचं असंच होतं बाप्पा. एकानं पाणी दाखवलं, चौघांनी खंदली, गवंड्यानं बांधली. अन् दगडावर नाव कोणाचं? ज्यानं पैसे देले त्याचं!”

रात्रीच लांबचं का ऐकू येतं?

संध्याकाळ झाली. मी आजीचा जुना रेडिओ काढला. दुपारी आम्ही मीडियम वेव्हवर काटा फिरवला होता, तेव्हा जेमतेम दोन ठिकाणी आवाज आला होता. रात्री दहाला पुन्हा फिरवला. काय सांगू! कुठली कुठली स्टेशनं, कुठल्या कुठल्या भाषा. मोजता मोजता बोटं संपली.

असं का होतं? जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटर उंचीच्या पुढे आयनांबर सुरू होतं. तिथे सूर्यकिरणांमुळे हवेत विद्युतभारित कण तयार होतात. दिवसा त्याचा सर्वांत खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला, की हा थर विरून जातो. मग लहरी वरच्या थरापर्यंत पोचतात, तिथून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. कॅरमची सोंगटी कडेला आपटून परत येते ना, तशा! आपल्याकडे या थरांचा अभ्यास कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी केला.

आपल्या विदर्भाचा याच्याशी जवळचा संबंध आहे बरं का! १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ती रात्रभर चाले. तिचा आवाज देशभर फेकणारा एक हजार किलोवॅटचा प्रचंड प्रक्षेपक होता आपल्या नागपूरला, १५६६ किलोहर्ट्झवर. त्या लहरीची लांबी सुमारे १९१ मीटर. कुठे बोसांचा तुरीचा दाणा आणि कुठे ही लांबलचक लहर! शेतात जागलीला जाणारे, रात्रपाळीचे कामगार, ट्रकवाले आणि परीक्षेसाठी जागणारी मुलं यांना त्या वाहिनीची सोबत असे. मीही त्यांतलाच. ती वाहिनी जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली.

आता मार्कोनीकडे परत चला. फेब्रुवारी १९०२ मध्ये त्यानं जहाजावर बसून प्रयोग केला. दिवसा संदेश सुमारे ११०० किलोमीटरपर्यंत मिळाले आणि रात्री जवळजवळ २५०० किलोमीटरपर्यंत! म्हणजे आपण आजीच्या रेडिओवर जे पाहिलं, तेच त्यानं समुद्रावर पाहिलं.

भाचा एकदम ताडकन उठला. “मामा, थांबा! १९०१ मधी त्याले टिंबं ऐकू आले तेव्हा किती वाजले होते?”

“न्यूफाउंडलंडात दुपारचे साडेबारा.”

“दुपारी? दुपारी त लहरी शोषल्या जाते! मंग त्याले ऐकू कसं आलं?”

शाब्बास! नेमकी हीच शंका कित्येक जाणकारांनी घेतली आहे. काही म्हणतात, आकाशातल्या खरखरीलाच तो टिंबं समजला असेल. काही म्हणतात, ठिणगीतून आखूड लहरीही निघाल्या असतील आणि त्या पोचल्या असतील. भाच्यानं ते स्वतःच्या हातानं दुसऱ्या रकान्यात लिहिलं. ‘मार्कोनी खोटारडा’ असं लिहायला त्याची पेन्सिल वळली होती. पण मी फक्त “कशावरून?” म्हटलं, आणि तो हसला.

बोसांनी पेटंट घ्यायला हवं होतं का?

एका प्रश्नावर मात्र आम्ही मामा-भाचे रात्री बारापर्यंत भांडलो.

१९०१ साली एका बड्या तार-कंपनीच्या मालकानं बोसांना पेटंट घेऊन भागीदारी करण्याची गळ घातली. बोसांनी नकार दिला. ही हकिकत त्यांनी आपले मित्र रवींद्रनाथ टागोर यांना पत्रातून कळवली. पुढे भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी आग्रह धरला, म्हणून लहरी टिपणाऱ्या स्फटिकाच्या साधनाचं अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे झालं, मार्च १९०४ मध्ये. त्यातून पैसे कमावण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. १९१७ साली त्यांनी कोलकात्यात बोस संस्था काढली तेव्हाही सांगितलं, की इथले शोध सर्वांचे असतील, त्यांची पेटंटं घेतली जाणार नाहीत.

भाचा म्हणाला, “पेटंट घेतलं असतं त आज त्याईचं नाव पयलं असतं. अन् त्या पैशातून मोठी प्रयोगशाळा झाली असती.”

मी म्हटलं, “तुमच्या अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या सरळ वाणाचं बी शेतकरी घरी राखून पुन्हा पेरू शकतो. संकरित बियाणं मात्र दरवर्षी विकतच आणावं लागतं. ज्ञान कोणत्या बियाण्यासारखं असावं?”

“पण नवं बियाणं काढाले पैसा लागते ना मामा?”

मला चटकन उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतं का, पाहा. घरी विचारा, सरांशी बोला. यात ‘बरोबर उत्तर’ पाठीमागच्या पानावर छापलेलं नाही.

एवढं मात्र खरं, की बोसांच्या त्या तुरीच्या दाण्यांचे दिवस पुन्हा आले आहेत. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी जे पट्टे दिले गेले, त्यांत २६ गिगाहर्ट्झचा एक आहे. त्या लहरींची लांबी करून पाहा: साडेअकरा मिलिमीटर! बोस ज्या आखूड लहरींशी खेळत होते, त्याच घराण्यातल्या.

दुसरा फोन

पंधरा दिवसांनी भाच्यानं पुन्हा फोन लावला. या वेळी वर्गात दवंडी नव्हती. फक्त मला आणि आजीला माहीत होतं. आम्ही इकडे अमरावतीत कान टवकारून बसलो.

“ताई, मी मागच्या वेळी बोललो होतो. मार्कोनीनं वही चोरली म्हणालो, ते चुकलं. त्याला पुरावा नाही. पण त्याचं पाऱ्याचं साधन ज्या तऱ्हेचं होतं, ते बोसांनी १८९९ सालीच रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं, आणि मार्कोनीनं त्यांचं नाव घेतलं नाही. हे नक्की आहे. बोसांनी जे केलं तेच एवढं मोठं आहे, की त्यात खोटं मिसळायची गरज नाही.”

निवेदिका क्षणभर थांबली. पण ही शांतता वेगळी होती. मग तिनं हसून विचारलं, “मग शेवटी सांग, रेडिओचा जनक कोण?”

आणि आमचा पठ्ठ्या म्हणाला, “ताई, जनक एकच असला पाहिजे, हे कशावरून?”

आजीनं टाळी वाजवली!

दुसऱ्या दिवशी शाळेत हाक तीच आली, ‘ए कशावरून!’ पण आता तो ओ देतो, आणि मजेत देतो.

मित्रांनो, तुमच्या घरी मीडियम वेव्हचा जुना रेडिओ असेल, तर धूळ झटका. मीडियम वेव्हची बरीच केंद्रं आता बंद झाली आहेत, पण काही चालू आहेत. दुपारी तीनला किती स्टेशनं लागतात आणि रात्री दहाला किती, हे मोजून वहीत लिहा. आणि त्याच वहीत तीन रकाने आखा. आपल्या आवडत्या शास्त्रज्ञाबद्दल, खेळाडूबद्दल किंवा गावातल्या थोर माणसाबद्दल जे जे ऐकलंत, ते त्यात भरून पाहा. तिसरा रकाना भरला तर घाबरू नका. तिथलं एखादं वाक्य शोधून काढून पहिल्या रकान्यात आणता आलं, की जो आनंद होतो ना, तो एकदा घेऊनच पाहा!